बिनस्क्रीनचा कॉम्प्युटर

कोपरगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी त्याच गाळ्यात अब्बा रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. लोकांनी रेडिओ आणणं बंद केलं तेव्हा अब्बांनी फारसं काही न बोलता टेबलाची एक बाजू मला मोकळी करून दिली. पुढे सगळं टेबलच माझं झालं.

विंडोज दहाचा सपोर्ट संपला त्या सुमारास दुकानात येणाऱ्या माणसांचे चेहरे एकसारखे दिसायला लागले. खतवाले, झेरॉक्सवाले, शाळांचे क्लार्क. स्क्रीनवर आलेल्या निरोपाचा मोबाईलवर फोटो काढून ते मला दाखवायचे आणि विचारायचे, "आता हा बंद पडणार का?" मी प्रत्येकाला तेच सांगायचो. बंद पडणार नाही, उद्या सकाळीही सुरू होईल. फक्त पुढे त्यात काही खोट निघाली तर कंपनी ती दुरुस्त करणार नाही, आणि अशा खोटी शोधत बसलेली माणसं जगात असतात. नवी विंडोज बऱ्याच जुन्या मशीनवर बसत नव्हती. काहींनी नवीन मशीन घेतलं, काहींनी आणखी काही मुदत अपडेट येत राहतील अशी सोय करून घेतली, बरेच जण "बघू" म्हणून तसेच वापरत राहिले. मला त्यात फार काही वाटत नव्हतं. रेडिओचंही असंच झालेलं मी पाहिलं होतं.

त्या दिवसांत एका काकांचा फोन आला. आवाज शांत, शब्द एकेक सुटे.

"भाई, माझा कॉम्प्युटर गेले काही दिवस मला एकच गोष्ट ऐकवतोय. सुरू केला की आधी तेच. येऊन बघता का?"

"काय ऐकवतोय?"

"की त्याचा सपोर्ट संपला."

'ऐकवतोय' ही त्यांची बोलायची पद्धत असेल असं मला वाटलं. संध्याकाळी नमाज झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या बहिणीने उघडलं. सत्तरीच्या आसपासच्या, चष्मा लावलेल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. गल्लीत त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीखाली टेबल, टेबलावर कीबोर्ड, दोन स्पीकर आणि एक जुना स्कॅनर. खाली कॉम्प्युटरचा डबा. मॉनिटर नव्हता.

"मॉनिटर दुरुस्तीला दिलाय का?" मी विचारलं.

खुर्चीत बसलेले काका माझ्या आवाजाच्या दिशेने वळले. "नव्हताच कधी. मला काय करायचाय? उगाच जागा अडवतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना दिसत नाही. लहानपणापासूनच दिसत नव्हतं. त्यांनी एक बटण दाबलं आणि स्पीकरमधून शब्दांची इतकी वेगवान सरबत्ती सुरू झाली की मला ती कुठली भाषा आहे तेही कळेना. "थांबा, तुमच्यासाठी हळू करतो," ते म्हणाले. मग तोच यांत्रिक आवाज मराठीत, एकेक शब्द तोडून, सपोर्ट संपल्याचा निरोप वाचू लागला. स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम त्यांच्या मशीनवर होता आणि ते सगळं काम त्या आवाजावर आणि कीबोर्डवर चालवायचे. इतकी वर्षं या धंद्यात असून असा कॉम्प्युटर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

काका साखर कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. कारखान्याच्या बोर्डावर बाहेरून आलेला फोन ते आत जोडून द्यायचे. शेतकी विभाग, गोदाम, साहेबांची केबिन. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला. बोर्ड होता तिथेच राहिला, पण त्याच्यावर फोन येईनात. निवृत्तीच्या आधीची शेवटची काही वर्षं आपण बहुतेक वेळ गप्प बसूनच काढली, असं त्यांनी सांगितलं. सांगताना तक्रारीचा सूर नव्हता.

"तुमच्या वडिलांकडे मी रेडिओ द्यायचो," ते म्हणाले. "तुमचा आवाज त्यांच्यासारखाच आहे. फक्त ते कमी बोलायचे."

निवृत्तीनंतर त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. पाथर्डी तालुक्यातल्या एका मुलीला त्यांच्यासारखंच दिसत नव्हतं. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, ती मावशीकडे राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायची. बाजारात मिळणारी पुस्तकं तिला वाचता येत नव्हती. दृष्टिहीनांच्या एका मोबाईल ग्रुपवर तिची आणि काकांची ओळख झाली. तेव्हापासून बाई एकेक पान स्कॅनरवर ठेवायच्या, मशीन त्या पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखायचं, काका ती ऐकून चुका दुरुस्त करायचे आणि फाईल तिला पाठवायचे. बाईंचा कॉम्प्युटरशी संबंध पान ठेवणं, झाकण लावणं आणि पान उलटणं एवढाच. समोर स्क्रीनच नाही म्हटल्यावर त्यांनी बघावं तरी काय.

मी मशीन उघडून पाहिलं, धूळ काढली. नवी विंडोज त्यावर बसणार नव्हती. बसली असती तरी स्कॅनर चालला नसता, कारण तो बनवणाऱ्यांनी त्याचं सॉफ्टवेअर कधीच सोडून दिलं होतं.

"म्हणजे आहे तसा चालवू?" काकांनी विचारलं.

"सध्या चालवा. पैशाचं काही त्याच्यावर करू नका."

"ते अक्का बँकेत जाऊन करते."

मग काही अडचण नाही असं मी समजलो आणि घरी आलो.

काही आठवड्यांनी, सकाळी दुकान उघडून बसलो होतो, तेव्हा बाईंचा फोन आला. "जरा येऊन जा. हा कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीये आणि स्वतःही लावत नाहीये."

मी गेलो तेव्हा काका त्याच खुर्चीत बसले होते. मशीनची पिन भिंतीतून काढून टेबलावर ठेवली होती. काय झालं ते त्यांनी क्रमाने सांगितलं.

आदल्या दिवशी बाई बाजारात गेल्या असताना एक फोन आला. हिंदी बोलणारा माणूस. तुमच्या कॉम्प्युटरचा सपोर्ट संपलाय, आम्ही कंपनीतून बोलतोय, आम्ही तो परत चालू करून देतो. कॉम्प्युटर रोज जे ऐकवत होता तेच हा माणूस सांगत होता, म्हणून काकांना ते खरं वाटलं. त्याने सांगितलं, हिरव्या बटणावर क्लिक करा. काका म्हणाले, मला हिरवं दिसत नाही. तो म्हणाला, चष्मा लावा. मग काकांनी आपल्याला अजिबातच दिसत नाही हे सांगितलं. तो माणूस क्षणभर थांबला आणि मग त्याने कुठली कळ दाबायची, किती वेळा दाबायची, आता काय ऐकू येतंय, असं विचारत विचारत सगळं करून घेतलं.

"फार धीराने सांगत होता," काका म्हणाले. "मला कॉम्प्युटर शिकवणाराही इतक्या धीराने कधी बोलला नव्हता. म्हणूनच मी ऐकत गेलो. त्याच्यामागे आणखी बरेच आवाज येत होते. सगळे फोनवरच. मला वाटलं, माझ्यासारखाच कुणी ऑपरेटर आहे."

मग त्यांनी हात मांडीवर घेतले, कारण त्या माणसाने काही करू नका म्हणून सांगितलं होतं. आणि मशीन आपोआप बोलू लागलं. डाउनलोड्स. डेस्कटॉप. कागदपत्रं. फोल्डर, पुस्तकं. आवाज नेहमीचाच होता, नेहमीच्याच वेगाने बोलत होता, पण कळा ते दाबत नव्हते. लांब कुठेतरी बसलेला तो माणूस त्यांच्या मशीनमध्ये फिरत होता आणि तो जिथे जाईल तिथलं नाव हे मशीन इमानदारीने वाचून दाखवत होतं. काकांना तेवढंच पुरे झालं. ते टेबलाखाली वाकले, वायर चाचपत भिंतीपर्यंत गेले आणि पिन उपटली. फोन कापला. तो परत वाजत राहिला तो बाई येईपर्यंत.

"काय नेलं असेल?" त्यांनी मला विचारलं.

"नेण्यासारखं काय होतं?"

"पुस्तकं. आणि मी लिहितो ते थोडं."

मी डबा दुकानात आणला. नेलेलं काही दिसलं नाही, पण आत काही ठेवून गेले असतील तर ते सांगता येत नव्हतं. पुस्तकांच्या फाईली तपासून बाजूला काढल्या आणि डिस्क पुसायची ठरवली. आता त्यावर परत तीच जुनी विंडोज टाकायची की दुसरं काही, हा प्रश्न होता. तसा मी तीच टाकून मोकळा झालो असतो, इतरांना दिली होती तशी. पण काका हळूहळू भिंतीपर्यंत वायर चाचपत गेले हे ऐकल्यावर मला ते बरं वाटेना. म्हणून मी लिनक्स टाकायचं ठरवलं. ही दुसरी सिस्टीम फुकट मिळते, जगभरचे लोक मिळून ती सांभाळतात आणि जुन्या मशीनवर ती बिनतक्रार चालते. तिच्यातही वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो. सगळ्यात नवल म्हणजे, काकांचा जुना मराठी आवाज होता तोच त्यातही मिळाला. स्कॅनर जोडला तर तोही लगेच ओळखला गेला. अक्षरं ओळखायचा प्रोग्रॅमही मराठीचा निघाला.

पण हे सगळं नुसत्या आवाजावर कसं चालवायचं ते मला येत नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा मी मॉनिटर बंद करून, डोळे मिटून सराव करायचो. एकदा शेजारचा कापडवाला आत येऊन म्हणाला, "झोपायचंच असेल तर घरी जा की." पहिले काही दिवस मला साधी फाईलसुद्धा उघडता येत नव्हती. काय उघडलंय, आपण कुठे आहोत, मागे कसं जायचं, काहीच कळायचं नाही. डोळे उघडायचा मोह आवरणं हेच त्यातलं मोठं काम होतं. मग थोडं थोडं जमू लागलं.

डबा परत नेताना मी दुकानातला एक जुना मॉनिटर सोबत घेतला, म्हणजे काकांना शिकवताना मला पाहता येईल. मशीन सुरू झालं, आवाज आला. काका कान देऊन ऐकत राहिले.

"तोच आहे," ते म्हणाले. "जरा सर्दी झाल्यासारखा वाटतोय."

मी आवाजाची पट्टी थोडी कमीजास्त केली. टायपिंगच्या कळा त्याच होत्या, पण बाकीच्या बऱ्याच बदलल्या होत्या. जिथे वर्षानुवर्षं बोट आपोआप जायचं तिथे आता दुसरंच काही व्हायचं. मी रोज संध्याकाळी अर्धा तास जाऊन बसायचो. काका चिडायचे नाहीत, पण हात मागे घेऊन गप्प बसायचे, आणि ते चिडण्यापेक्षा वाईट होतं. एकदा म्हणाले, "भाई, जुनंच टाकून द्या. फोन आला तर मी उचलणार नाही."

"फोन न येताही लोक आत येतात, काका."

"मग इंटरनेट तोडा."

"मग पुस्तक पाठवणार कसं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून फाईल उघडून दाखवली. मॉनिटर तिथेच राहिला, कारण मला रोज ने-आण करायचा कंटाळा यायचा.

नवं काही सुरू झालं ते त्या मॉनिटरमुळे. बाई पान स्कॅनरवर ठेवायच्या आणि आता समोर त्यांना तेच पान अक्षरांत उतरलेलं दिसायचं. निवृत्त शिक्षिकेला समोर मजकूर दिसला की ती तो वाचणारच. एका संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा दोघांचं चाललं होतं.

"इथे पहिली वेलांटी आलीय. दुसरी हवी," बाई म्हणत होत्या.

"मी ऐकलंय ते वाक्य. बरोबर आहे."

"ऐकायला बरोबर असेल. लिहिलंय चूक."

"अक्का, ती मुलगी ऐकतेच ना? तिला कुठे वेलांटी दिसणार आहे?"

"म्हणून चूक लिहायचं का?"

काकांचं म्हणणं मला कळत होतं. ते ज्या वेगाने ऐकायचे त्या वेगात ऱ्हस्व आणि दीर्घ एकच वाटतं. 'दिन' आणि 'दीन' यात मशीनचा आवाज काही फरक करत असेल तरी तो कानात टिकत नाही. अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम वेलांट्यांत आणि रफारांत सर्रास चुकायचा आणि त्या चुका कानाला लागत नव्हत्या. इतक्या वर्षांत त्या कोणी पाहिल्याही नव्हत्या, कारण पाहायला काही नव्हतंच.

बाई आता पान ठेवून उठून जात नसत. खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. भाजी निवडायची असली तरी परात घेऊन तिथेच. आणि बोट लावून लावून चुका सांगायच्या, वर्गात बसल्यासारख्या. काही दिवसांनी काकांचा मला फोन आला.

"भाई, तो मॉनिटर घेऊन जा."

"अडचण होतेय का?"

"तुम्ही या. मग बोलू."

मी गेलो तेव्हा बाई स्वयंपाकघरात होत्या. काका हळू आवाजात बोलले.

"मी कारखान्यात बोर्डावर बसायचो. सगळ्यांचे फोन माझ्या हातून जायचे. पण जोडून दिला की मी कान काढून घ्यायचो. कोण कोणाशी काय बोलतं ते ऐकायचं नाही, ही आमची रीत. माझ्या आधीच्या ऑपरेटरने मला पहिल्या दिवशी तेच शिकवलं. आणि आता मी काय लिहितोय, काय वाचतोय, ते अक्काला शेंगा सोलता सोलता दिसतं. मी दुपारी माझं स्वतःचं काही लिहितो. परवा ती मागून म्हणाली, इथे काना राहिलाय. ती कधी येऊन उभी राहिली ते मला कळलंसुद्धा नाही."

"बाईंना सांगितलंत का हे?"

"तिला वाईट वाटेल."

मी मॉनिटरच्या वायरी सोडवायला घेतल्या. एवढ्यात बाई आल्या आणि हातातलं फडकं तसंच धरून उभ्या राहिल्या. "घेऊन चाललात?"

मी काय सांगावं याचा विचार करत होतो तेवढ्यात काकांचा मोबाईल वाजला. फोन पाथर्डीच्या मुलीचा होता. काका नेहमी फोन स्पीकरवर ठेवतात.

"सर, कालचे धडे मिळाले," ती म्हणाली.

"नीट वाचता येतायत?"

"व्हय सर. ह्या बारीला लई चांगलं हाय. वेलांट्या बरूबर येत्यात आता."

काका थोडे पुढे सरकले. "तुला कसं कळलं? तू ऐकतेस ना?"

"न्हाई सर. आता मला एका संस्थेनं ते बोटाखाली ठिपके वर येनारं ब्रेलचं मशीन दिलंय न्हवं वापरायला. त्याच्यावर सगळं कळतं, काना, मात्रा, वेलांटी. आधीच्या पुस्तकांत लई चुकायचं. पहिली का दुसरी ते मेळच लागंना."

"मग बोलली नाहीस कधी?"

ती जरा अडखळली. "तुमी एवढं करता, आन मी चुका काढू व्हय? मला आधी वाटलं पुस्तकातच तसं आसंल. मराठीच्या पेपराला शुद्धलेखन असतंय, तवा मी तसंच पाठ करून बसले हुते. मग क्लासमधल्या मॅडमनी सांगितलं, ह्ये समदं चूक हाय."

काकांनी तिला बरं म्हटलं, आईबाप कुठल्या कारखान्यावर आहेत ते विचारलं, थंडी कशी आहे ते विचारलं आणि फोन ठेवला. मी सोडवलेली वायर हातात धरून उभा होतो. बाईंना बोलून दाखवायची चांगली संधी होती, पण त्या गप्प राहिल्या. चाळीस वर्षं पोरं शिकवलेल्या बाईने त्या क्षणी गप्प राहणं मला मोठं वाटलं.

शेवटी काकाच म्हणाले, "अक्का, मागची सगळी पुस्तकं परत बघावी लागतील."

"बघू की," बाई म्हणाल्या.

मी वायर परत जोडली.

पण काकांनी मला सांगितलेलं तसंच राहिलं होतं, आणि ते माझ्याकडे सोपवल्यासारखं झालं होतं. निघताना बाई दारापर्यंत आल्या, तेव्हा मी त्यांना बोर्डाची, कान काढून घेण्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. "एवढंच ना," म्हणाल्या. "मला सांगायचं होतं त्याने." मग आत वळता वळता म्हणाल्या, "मी पण बावळटच. त्याला डोळे नाहीत म्हणून न विचारताच माझे सगळीकडे लावत बसले."

त्यांनी आपसात काय ठरवलं ते मी विचारलं नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा दिसलं ते असं. सकाळी पुस्तकांचं काम, तेव्हा मॉनिटर सुरू आणि बाई शेजारी. दुपारी मॉनिटर बंद. तो बंद आहे की नाही हे काकांना कसं कळणार, असा प्रश्न माझ्या मनात आला, तेवढ्यात त्यांनी हात लांब करून मॉनिटरच्या पाठीवर तळवा ठेवला. जुना असल्याने तो चांगला तापायचा. थंड लागला तेव्हा ते लिहायला बसले. मी चहा घेऊन निघालो. ते काय लिहितात ते मला आजही माहीत नाही.

त्या हंगामात त्या दोघांनी मागची पुस्तकं पुन्हा पहिल्या पानापासून काढली. बाहेर रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात असायचे आणि त्यांच्या गाण्यांत मशीनचा आवाज बुडायचा. मग काका थांबायचे, ट्रॅक्टर पुढे गेला की वाक्य परत ऐकायचे. बाई वाचायच्या, काका ऐकायचे. मशीनला जी चूक कळत नव्हती ती बाईंना दिसायची, आणि बाईंची नजर घाईत ज्या गळालेल्या शब्दावरून सरकून जायची तो काकांच्या कानाला लगेच खटकायचा. वाद रोज व्हायचा. एकदा अनुस्वारावरून इतका रंगला की मला उलटपावली परत यावं लागलं.

त्या मुलीने परीक्षा दिली. पहिल्या टप्प्यात ती पास झाली, पुढच्यात राहिली. तिने फोन करून ते काकांना सांगितलं तेव्हा मी तिथे नव्हतो. बाईंनी सांगितलं की काका त्या दिवशी जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर मशीनवर बसले. आता ती पाथर्डीतच एका अभ्यासिकेत काम करते आणि पुढच्या परीक्षेची तयारी करते. तिच्याकडून पुस्तकं आणखी काही मुलांपर्यंत गेली आहेत. मागण्या थेट बाईंच्या मोबाईलवर येतात, कारण काका म्हणतात, मला सकाळी काम करू द्या.

माझ्या दुकानात लिनक्स मागायला कोणी येत नाही. मी काही जणांना सुचवलं, बहुतेकांनी नाही म्हटलं. दोन शाळांनी हो म्हटलं, त्यांची मशीन बरी चालली आहेत. बाकी जुनी विंडोज घेऊन बसलेले अजून बसलेलेच आहेत. त्यांच्यातल्या एकालाही तसा फसवा फोन आला नसेल असं मला वाटत नाही, पण असं झालं तर माणूस सहसा सांगत नाही. काकांनी सांगितलं. ते मला त्यांच्याबद्दल विशेष वाटतं.

मागच्या महिन्यात स्कॅनर रुसला. आतला दिवा क्षीण झाला होता आणि पानाची एक कड काळी येऊ लागली होती. दिवा कुठे मिळेना. नवा स्कॅनर घेऊ म्हटलं तर बाई म्हणाल्या, याची सवय झालीय, याचं झाकण हलकं आहे. मग एका कामानिमित्त संगमनेरला गेलो असताना तिथल्या भंगारवाल्याकडे चौकशी केली. एका बंद पडलेल्या कॉलेजच्या सामानाचा ढीग त्याच्याकडे आला होता. त्यात तसलाच एक स्कॅनर खाली दबलेला निघाला. काच शाबूत होती. मी तो पिशवीत घालून एसटीत मांडीवर घेऊन कोपरगावला आणला.

काकांच्या टेबलावर तो जोडला. मशीनने काही न विचारता ओळखला. बाईंनी झाकण दोनदा उघडून मिटून पाहिलं, मान हलवली आणि एक पान ठेवलं. दिवा स्वच्छ पांढरा सरकत गेला. समोर मजकूर उमटला आणि स्पीकरमधून ती सरबत्ती सुरू झाली. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. काकांनी मध्येच हात वर केला.

"थांब. 'परिस्थिती' कशी लिहिलीय?"

बाई पुढे वाकल्या. "पहिली 'रि' ऱ्हस्व, शेवटची 'ती' दीर्घ. बरोबर आहे."

"आणि मधली?"

"मधलीही बरोबर आहे रे. पुढे चल."

मी जुना स्कॅनर पिशवीत घातला, चपला पायात सरकवल्या आणि दार ओढून घेतलं.